अक्काच्या कट्ट्यावरची रेघ

तीन वर्षं मी अक्कानं केलेली काजं उसवत होतो आणि पुन्हा करत होतो. सदरा गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या आधी, दुपारी दुकानात कोणी नसताना. ब्लेडच्या टोकानं धागा काढायचा, कड साफ करायची, नवं काज घालायचं. बायको म्हणायची, "अहो, मग तिला देताच कशाला? तुम्हीच करा की सगळी." मी म्हणायचो, "असू दे." त्या "असू दे"च्या पोटात काय काय होतं ते मलाच ठाऊक. मुळात मी कमी बोलणारा, आणि कमी बोलणाऱ्याला लोक सरळ समजतात हा माझा मोठा फायदा. आता पन्नाशीला टेकलो आहे. हे लिहायला भीती वाटत नाही, कारण जिला सांगायचं होतं तिला सांगून झालं आहे.

आमचं घर चिकपेटेच्या मागच्या एका गल्लीत. शिंप्याचं घर. पूर्वज इकडे केव्हा आले ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, एवढं मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पुढच्या खोलीत दुकान, मागे बिऱ्हाड. समोर अक्काचं घर. ती माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी, कानडी, लवकर विधवा झालेली. मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या दुकानाची काजं-बटणं तीच करायची. तिच्या घरापुढे दगडी कट्टा होता, वर दोन लाकडी खांबांवर पडवी. घर पूर्वेकडे तोंड करून, त्यामुळे सकाळचं सगळं ऊन त्या कट्ट्यावर. सकाळची कापी, म्हणजे कॉफी, झाली की ती तिथे बसायची ती ऊन सरेपर्यंत. मांडीवर सदरा, शेजारी रिळांचा डबा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी भांडण. तिची काजं अशी असत, की कँटोनमेंटमधले साहेबलोक बटण लावताना थांबून बघत.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. तो सुरू झाला घरपट्टीपासून.

आमच्या गल्लीत घरपट्टीला सगळे कंदाय म्हणत. म्हैसूरचं राज्य मोठं झालं त्याच्या आसपासच्या दिवसांत शहर सगळीकडे पसरायला लागलं, नव्या वसाहतींची एक्स्टेन्शनं निघाली, आणि कॉर्पोरेशननं जुन्या पेटेतल्या घरांची पुन्हा मोजणी काढली. राहतं घर असेल तर एक दर, दुकान असेल तर त्याहून बराच जास्त. मला ते अन्यायाचं वाटलं. वडील, आजोबा याच खोलीत शिवत आले. खोलीत दोन पायमशीनं आहेत म्हणून ती खोली लगेच बाजार झाली काय? आजही त्या रागात थोडं तथ्य होतं असं मला वाटतं. पण रागाचं मी जे केलं त्यात नव्हतं.

देवळाला आणि भजनाच्या जागेला पट्टी माफ होती. मोजणीवाला येणार त्याच्या आदल्या दिवशी आम्ही नवरा-बायकोनं मशीनं उचलून मागे नेली. भिंतीवर दत्ताची तसबीर लावली. पण नुसत्या तसबिरीनं मंदिर होत नाही, म्हणून आमच्याच समाजाच्या भजनी मंडळाचे बुवा होते, त्यांच्याकडून टाळांच्या चार जोड्या, एक मृदंग आणि सतरंजी मागून आणली. बुवांनी विचारलं, "कशाला रे?" मोजणीवाल्याला दाखवायला, असं कसं सांगणार? मी म्हणालो, "गुरुवारचं भजन सुरू करावं म्हणतोय." म्हातारा केवढा खूश झाला! म्हणाला, "तुझ्या बापाला कितीदा सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. तू शहाणा निघालास."

मोजणीवाला आला, टेप टाकली, टाळ बघितले, तसबिरीला हात जोडले आणि वहीत कन्नडमध्ये लिहिलं, भजना मंदिर. माझं काम झालं. मी संध्याकाळी टाळ परत करायला निघालो, तर बुवाच दारात, मागे सात-आठ जण.

"टाळ कुठे घेऊन निघालास? आज गुरुवार ना?"

झालं. ते सगळे आत येऊन सतरंजीवर बसले. मी बायकोकडे बघितलं, तिनं मुकाट्यानं चुलीवर कापीचं पातेलं चढवलं. पुढच्या गुरुवारी दहा जण होते. महिन्यानं मी बुवांना आडून विचारलं, की सध्या दुकानात कामाची गर्दी आहे, भजन थोडे दिवस थांबवलं तर? ते म्हणाले, "दत्ताला घरी बोलावलंस. आता त्याला 'आज गर्दी आहे, उद्या या' म्हणणार काय? तो काय गिऱ्हाईक आहे?" तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी मशीनं भिंतीला सरकवायची, त्यांच्यावर चादर टाकायची, आणि भजन. म्हणजे मी एकच खोटं दोघांना सांगितलं होतं. कॉर्पोरेशननं ते वहीत लिहून घेतलं आणि बुवांनी खरं करून टाकलं. अक्कासुद्धा रस्ता ओलांडून यायची. भजन मराठी, तिला शब्द कळत नसत, पण दर गुरुवारी कनकांबराची, म्हणजे अबोलीची, एक वेणी तसबिरीला घालायची आणि दाराशी बसून टाळ्या वाजवायची.

मला वाटलं, चला, यात कुणाचं काय गेलं? कॉर्पोरेशनचं गेलं असेल, पण कॉर्पोरेशन म्हणजे कोण? तिला काय पोट आहे?

वर आणखी ऐका. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, अक्षर बरं, म्हणून गल्लीचे अर्ज इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे. गटार तुंबलं, लिही अर्ज. कोपऱ्यावरचा दिवा गेला, लिही अर्ज. नळाला पाणी पहाटे स्वल्प येतं आणि मग दिवसभर नुसता सुस्कारा, लिही अर्ज. प्रत्येक अर्जाच्या शेवटी माझं एक ठरलेलं वाक्य असे: आम्ही नियमित कर भरणारे रहिवासी आहोत. ते वाक्य गल्लीला फार आवडायचं. लोक मला ते कन्नडमध्ये सांगायला लावत आणि माना डोलवत. मीही ठसक्यात सांगायचो. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

सहा-सात वर्षं अशी गेली. मग रस्ता रुंद करायचं निघालं. लॉऱ्या वाढल्या होत्या, बाजाराचा माल आमच्याच गल्लीतून जायचा, दोन गाड्या समोरासमोर आल्या की तासभर शिव्या. रस्ता रुंद व्हावा म्हणून अर्ज मीच लिहिला होता, शेवटच्या वाक्यासकट. नकाशा झाला, त्यात दोन्ही बाजूंनी सारखीच जागा जाणार होती. आमच्या पुढच्या खोलीचा दोन हात भाग आणि समोर अक्काच्या कट्ट्याची तेवढीच कड. तेवढं सगळ्यांनी मनाशी धरलं होतं.

एका सकाळी मोजणीची माणसं आली. सुपरवायझर, त्याच्या हातात जुनी वही, आणि चुन्याची बादली घेतलेला गडी. मी गळ्यात टेप अडकवून दारात उभा होतो. सुपरवायझरनं वही बघितली, आमचं दार बघितलं आणि गड्याला म्हणाला, "थांब. इकडे भजना मंदिर आहे. देवाला हात लावायचा नाही. सगळी रेघ तिकडे सरकव."

"तिकडे" म्हणजे अक्काकडे.

मला एक वाक्य बोलायचं होतं. मंदिर नाही, दुकान आहे. एवढंच. गळ्यात टेप होती, मागे मशीनवर अर्धा शिवलेला कोट होता, सुपरवायझरनं मान जरा वाकडी केली असती तरी त्याला दिसला असता. त्यानं केली नाही. मी बोललो नाही. बायको आतून माझ्याकडे बघत होती, तीही बोलली नाही. समोर अक्का नेहमीप्रमाणे कट्ट्यावर भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. चुनेवाला तिच्यापर्यंत आला तेव्हा तिनं हातातलं काज न थांबवता दोन्ही पाय वर उचलून घेतले, आणि चुन्याची रेघ तिच्या पायांखालून गेली. रेघ पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचल्यावर तिनं विचारलं, "इतकं आत?" सुपरवायझर म्हणाला, "समोर देव आहे, अम्मा." अक्का म्हणाली, "सरी, ठीक आहे. देवासाठी ना, जाऊ दे."

पावसाळ्याच्या आधी कट्टा गेला, पडवी गेली, खांब गेले. अक्काच्या घराला सरळ रस्त्यावर नवी भिंत आली, तिला एक दार आणि हातभर खिडकी. भरपाई म्हणून काही मिळालं, ते त्या भिंतीतच गेलं. दारात बसावं तर अंगावरून लॉरी. ती आत बसायला लागली, छताला टांगलेल्या एका पिवळट दिव्याखाली. आमच्या बाजूचा एक दगडही हलला नव्हता.

काजं वाकडी यायला लागली ती तेव्हापासून. आधी टोकं सैल, मग टाके कमीजास्त, मग सबंध काजच तिरकं. पहिल्या वर्षी एकदा तिनं सदरा माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "तम्मा, खरं सांग. माझे डोळे गेले काय रे?"

माझ्या आयुष्यात मी सर्वांत वाईट काय केलं, असं कुणी विचारलं तर मी घरपट्टीचं सांगणार नाही, चुन्याच्या रेघेचंही नाही. मी तेव्हा दिलेलं उत्तर सांगेन. मी म्हणालो, "वय झालं, अक्का."

अंधार म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, की अंधार कुठून आला? म्हणून वय म्हणालो. ती सदरा घेऊन गेली. तेव्हापासून मी तिची काजं उसवायला लागलो. मला वाटायचं, हीच माझी फेड. दिवसाला वीस-पंचवीस काजं, आमच्या उंबऱ्यात, कारण आमचं घर पश्चिमेकडे तोंड करून. दुपारनंतरचं ऊन सगळं आमच्या दारात.

आणि मग ती नोटीस आली.

गेल्या वर्षी, उगादीच्या, आपल्या पाडव्याच्या, आधीचे दिवस. अक्का सकाळीच दुकानात आली. एका हातात सदऱ्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात कागद. कागद इंग्रजीत. म्हणाली, "वाच." मी वाचला. रस्ता रुंद झाल्यामुळे तिच्या घराचं मोल वाढलं आहे, तरी सुधारणेची फी भरावी. मी ते कन्नडमध्ये सांगितलं.

"म्हणजे माझा कट्टा नेला, त्याबद्दल मी पैसे द्यायचे?"

"तसंच लिहिलंय."

"अय्यो! उद्या दार नेतील, म्हणतील घर हवेशीर झालं, द्या फी!" ती हसली, पण ते हसणं टिकलं नाही. "अर्ज लिही. विचार त्यांना, सगळा रस्ता आमच्याच बाजूनं का घेतला? समोर देव आहे, कबूल. पण मग ही फी कसली? आणि शेवटी ते तुझं वाक्य घाल. कर भरणारे रहिवासी. मी तर एक वर्ष चुकवलेलं नाही."

मी कागद घेतला, टाक घेतला. तारीख घातली. महाशय, असं लिहिलं. पुढे हात चालेना. का घेतला, याचं उत्तर तर टाक धरून बसलं होतं.

ती तेवढ्यात गाठोडं पुढे सरकवून म्हणाली, "आणि हे सदरे. झाले तेवढे झाले. यापुढे काजं दुसऱ्या कुणाला दे."

"का?"

"तू उसवतोस ते मला ठाऊक आहे. मागे एकदा निळ्या सदऱ्याला काळा धागा घातलास. मी निळाच घातला होता. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या छातीवर बघितलं मी." ती मशीनकडे बघत बोलत होती. "तीन वर्षं तू दया करतोस आणि मी घेते. लाज वाटते, तम्मा. डोळे गेले तर गेले. तूच म्हणालास ना, वय झालं."

मी टाक खाली ठेवला. आणि मग जे बाहेर पडलं ते थांबेना. मशीनं मागे नेली तिथपासून सुरू केलं, टाळ, बुवा, वही, चुना, सगळं. "डोळे गेले नाहीत, अक्का. आत अंधार आहे. तो मी केलाय. मला तेव्हाच ठाऊक होतं." आतल्या दारात बायको पदराचं टोक धरून उभी होती.

अक्का उठली. मला वाटलं आता निघून जाईल. ती भिंतीजवळ गेली, दत्ताच्या तसबिरीपुढे उभी राहिली. मागच्या गुरुवारची वेणी वाळून तशीच होती.

"म्हणजे हा कॉर्पोरेशनचा देव?"

वाळलेल्या वेणीला बोट लावून ती माझ्याकडे वळली.

"कट्टा पाडला तेव्हा मी रडले नाही. बहिणीला म्हणाले, देवासाठी दिला. पुण्य समजले मी ते. आता मला पुन्हा बसून रडावं लागणार." तिचा आवाज चढला. "आणि मेल्या, डोळ्यांचं? रात्री झोपताना मी हात डोळ्यांसमोर धरून बोटं मोजायची, दिसतात की नाही म्हणून! रोज! तीन वर्षं!"

बायको पुढे आली, म्हणाली, "अक्का, मीही होते त्यात. मशीनचं एक टोक मीच धरलं होतं."

"तू गप्प बैस. तुझ्याकडे नंतर येते."

मग तिनं गाठोडं सोडलं, त्यातून एक पांढरा सदरा ओढला, सुई-धागा काढला आणि आमच्या उंबऱ्याकडे बघून म्हणाली, "इथे ऊन केव्हा येतं?"

"दोन वाजता."

"दोन वाजता येते. तोवर अर्ज लिही. हे सगळं घाल त्यात. मशीन, टाळ, सगळं. मग मी बघते, डोळे गेलेत की तू खोटा आहेस."

दोन वाजता ती आली. मी पाट दिला, तो तिनं सरकवून दिला आणि उंबऱ्यावर बसली. ऊन तिच्या मांडीवरच्या सदऱ्यावर पडलं होतं. तिनं एकच काज केलं. मी मशीनवर बसून काही शिवत असल्याचं सोंग करत होतो. काज झाल्यावर तिनं ते डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं, अंगठ्यानं चाचपलं. मग सदरा माझ्या अंगावर फेकला. काज सरळ होतं. वडिलांच्या वेळी असायचं तितकंच सरळ.

"बघ," ती म्हणाली. "बघ, चोरा." आणि ती रडायला लागली आणि हसायलाही लागली, बायको तिच्याशेजारी जाऊन बसली. मला तेव्हा छातीवरची इस्त्री कुणी उचलून नेल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, शिव्या खाऊन इतकं बरं वाटतं हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. अधिकारी माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. त्यानं अर्ज दोनदा वाचला.

"फी माफ करा म्हणणारे रोज येतात. माझ्यावर पट्टी लावा म्हणणारा पहिलाच. कुणी पाठवलं तुम्हाला?"

"यांनी," मी म्हणालो.

अक्का म्हणाली, "मी नाही. ह्याचं पोट दुखत होतं."

तो हसला नाही, पण चष्मा खाली घेतला. "रस्ता मागे जाणार नाही, अम्मा. रेघ पडली ती पडली."

"ठाऊक आहे. कट्टा मागायला नाही आले. वही सरळ करायला आले."

त्यानं मला विचारलं, "तिथे भजन होतं?"

"होतं."

"मशीन चालतं?"

"चालतं."

"मग मी काय लिहू?"

अक्काच म्हणाली, "दुकान लिहा. देव पाहुणा म्हणून राहतो तिथे."

तिची फी काही दिवसांनी माफ झाली. जिनं जागा दिली तिच्याकडून ती घ्यायची नव्हतीच म्हणे. माझ्यावर मागच्या सगळ्या वर्षांचा फरक लागला, वर दंड. एक मशीन विकावं लागलं. विकताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, उलट हमालाला मीच हात लावला. बुवांनाही सगळं सांगितलं. ते आता थकलेले, ऐकून म्हणाले, "मग गुरुवारी येऊ की नको?" मी म्हणालो, "या." "मग मला कशाला सांगतोस," म्हणाले, "दत्ताला सांग."

गल्लीचे अर्ज मी अजून लिहितो. गटार अजून तुंबतं, त्याबद्दल माझी तक्रार पूर्वीइतकीच कडक असते, किंबहुना जास्त, कारण आता त्या गटारात माझेही पैसे आहेत. पण ते शेवटचं वाक्य मी घालत नाही. गल्लीतले लोक विचारतात, मी म्हणतो, कागद संपला.

उंबऱ्याची जागा मी सुताराकडून नीट करून घेतली, दोन हात रुंद फळी, पाठीला टेकू. दुपारी दोनला अक्का येते ती ऊन उतरेपर्यंत. गुरुवारी वेणी आणते. पहिले काही गुरुवार आणली नव्हती, मी विचारलंही नव्हतं. परवा तिनं सदऱ्यांचा गठ्ठा माझ्याकडे दिला, मी तसाच घडी करून गिऱ्हाइकाच्या पिशवीत घातला.

"बघितलं नाहीस?" ती म्हणाली.

"नाही."

"तिसऱ्या सदऱ्याचं खालचं काज जरा तिरकं आहे. बघतोस का म्हणून मुद्दाम केलं."

मी पिशवीत हात घातला, मग काढून घेतला. "असू दे," म्हणालो.